निवण्याची घाई

कापडाच्या दुकानात नवा सदरा ज्या पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो, ती हाताला कुरकुरीत लागते आणि तिच्यातून सदऱ्याची वीण स्पष्ट दिसते. स्वयंपाकघरातल्या जाड, ताठ, धुरकट डब्यातून मात्र आत भाजी आहे एवढंच कळतं. कोणती, ते झाकण काढल्यावर. दोन्ही वस्तू पॉलिप्रोपिलीनच्या. कारखान्यात पोत्यातून येणारा पांढरट दाणा दोन्हींसाठी थोडाफार वेगवेगळ्या प्रतीचा असेल, पण साखळी तीच, वितळण्याचं तापमानही तेच, १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. खरा फरक पडतो तो वितळल्यानंतर. पिशवीचं प्लास्टिक बहुधा थेट पाण्यात गार केलेलं असतं. डब्याची भिंत जाड, तिचा गाभा तुलनेने सावकाश निवतो.

वस्तूच्या बुडाशी छापलेल्या त्रिकोणातला ५ हा आकडा साखळी कशाची आहे तेवढं सांगतो. त्या साखळ्या एकमेकींशेजारी कशा बसल्या आहेत, हे त्यात लिहिलेलं नसतं. आणि फिल्म किती पारदर्शक, किती चिवट, तिच्यातून ऑक्सिजन किती झिरपणार, हे बऱ्याच अंशी त्या बैठकीवर ठरतं. बैठक ठरते निवताना. फिल्मच्या बाबतीत ते निवणं कधी कधी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. सूक्ष्मदर्शकाला गरम करता येईल असा मंच लावायचा, त्यावर पॉलिप्रोपिलीनचा एक दाणा २०० अंशांना वितळवायचा आणि वरून काच दाबून त्याचा पातळ पापुद्रा करायचा. मग तापमान १३५ अंशांवर आणून तिथेच धरायचं. ध्रुवित प्रकाशाच्या दोन गाळण्या काटकोनात लावलेल्या असल्या की वितळलेलं प्लास्टिक पूर्ण काळं दिसतं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग त्या काळ्यात एक उजळ ठिपका उमटतो, दूर कोपऱ्यात दुसरा, मग एकदम चार. प्रत्येक ठिपका गोल वाढत जातो, मिनिटाला जेमतेम काही मायक्रॉन, आणि त्याच्या पोटात काळी फुली दिसते. फुली खरी तिथे नसते. स्फटिक मध्यापासून चहूकडे वाढलेले असतात आणि त्यांतले जे गाळणीच्या दिशेशी जुळतात तेवढे अंधारात जातात. वाढता वाढता हे गोल एकमेकांना भिडतात. दोघांचा जन्म एकाच वेळचा असेल तर मधली सीमा सरळ पडते, वेगवेगळ्या वेळचा असेल तर वाकडी. सीमा पाहून कोण आधी जन्मलं ते सांगता येतं. या गोलांना स्फेरुलाइट म्हणतात. पॉलिथिनमधले स्फेरुलाइट ब्रिटनमध्ये बन आणि अल्कॉक यांनी १९४५ साली नोंदवले.

आता तोच पापुद्रा पुन्हा वितळवून सरळ बर्फाच्या पाण्यात टाकला, तर त्याच सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसतच नाहीत.

तूप कढवणाऱ्यांना यातलं अर्धं आधीच ठाऊक असतं. कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश निवलं की रवाळ होतं. तेच गरम असताना फ्रीजमध्ये ढकललं तर रवा धरत नाही. थंडावा हळूहळू आला तर स्फटिकाचं बीज क्वचितच पडतं आणि पडलेल्याला ऐसपैस वाढता येतं. एकदम गार केलं तर बीजं इतकी पडतात की कुणालाच जागा उरत नाही. इथवर तूप आणि प्लास्टिक सारखेच. पुढे मात्र वाटा फुटतात, कारण तुपाचा रेणू लहान, तो वळून आपली जागा घेतो. पॉलिमरची साखळी हजारो दुव्यांची आणि शेजारणींत गुंतलेली. ती सगळीच्या सगळी स्फटिकात बसणं जवळपास अशक्य. रोजच्या वापरातल्या पॉलिप्रोपिलीनमध्ये ढोबळमानाने निम्मा भाग स्फटिक असतो आणि उरलेला विस्कळीत.

मुळात एवढी लांब साखळी स्फटिकात बसते तरी कशी, या प्रश्नाचं उत्तर एकदा सापडून हरवलं होतं. १९३८ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या के. एच. स्टॉर्क्स यांनी गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची अतिशय पातळ फिल्म इलेक्ट्रॉनच्या झोताखाली तपासली. साखळ्या फिल्मच्या पातळीला लंब उभ्या दिसत होत्या. पण फिल्मची जाडी साखळीच्या लांबीपेक्षा कितीतरी कमी. तेव्हा साखळी पुन्हा पुन्हा स्वतःवरच दुमडलेली असणार, असं त्यांनी लिहिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५७ साली ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिनचे विद्रावातून वाढवलेले एकेकटे स्फटिक पाहिले आणि त्याच निष्कर्षाला आले. त्याच वर्षी टिल आणि फिशर यांनीही स्वतंत्रपणे असे स्फटिक मिळवले होते. मग मात्र घडीचा विचार पक्का झाला. हिशोब साधा आहे. एक लाख रेणुभाराची पॉलिथिनची साखळी ताणून सरळ केली तर सुमारे ९०० नॅनोमीटर भरते. स्फटिकाच्या पापुद्र्याची जाडी साधारण १० नॅनोमीटर. साखळी एकाच पापुद्र्यात राहिली तर नव्वदएक घड्या हव्यात. प्रत्यक्षात ती अर्ध्यातच सुटते, मधल्या विस्कळीत भागात भटकते आणि शेजारच्या पापुद्र्यात शिरते. दोन पापुद्र्यांना बांधणारे हे भटके तुकडेच फिल्मला चिवटपणा देतात. सावकाश निववलं तर पापुद्रे जाड आणि नीटनेटके होतात, पण बांधणारे धागे कमी उरतात. मोठ्या स्फेरुलाइटांच्या सीमांवरून फिल्म ठिसूळपणे तुटते ती यामुळे.

मग जितकं पटकन गार करावं तितके स्फटिक लहान आणि कमी, असं साधं गणित असावं असं वाटेल. ते तेवढं साधं नाही. वितळण्याच्या तापमानाच्या जरा खाली बीज पडायलाच अडचण असते, कारण पडलेलं बीज पुन्हा विरघळतं. फार खाली गेलं तर साखळ्यांची हालचाल मंदावते, आणि काचेसारखं गोठण्याचं तापमान आलं की ती जवळपास थांबते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी स्फटिकीकरण सर्वांत वेगाने होतं. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे ठिकाण उणे २५ अंशांच्या आसपास आहे. त्यापेक्षा जास्त गारठ्यात ठेवलेलं रबर उलट सावकाश कडक होतं. फिल्म करणाऱ्याला या मधल्या पट्ट्यातून जावंच लागतं. तिथे किती वेळ रेंगाळायचं, एवढंच त्याच्या हातात.

तेही पूर्ण हातात नाही. प्लास्टिक उष्णतेचं फार वाईट वाहक आहे, पोलादाच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी. उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५० मायक्रॉनच्या फिल्ममधून ती आरपार यायला सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पुरतो. जाडी अर्धा मिलिमीटर केली तर अडीच सेकंद, दोन मिलिमीटरच्या भिंतीला ४० सेकंद. दहापट जाड म्हणजे शंभरपट वेळ. डबा धुरकट का, याचं निम्मं उत्तर या वर्गात आहे. अलीकडचे स्वच्छ पारदर्शक डबे याच अडचणीतून आडवाटेने सुटले आहेत. दाण्यात सॉर्बिटॉलपासून बनवलेलं एखादं द्रव्य अगदी थोडं मिसळतात आणि सावकाश निवतानाही बीजं भरमसाट पडतात.

फिल्म गार करण्याच्या आपल्याकडे मुख्य तीन तऱ्हा दिसतात. दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते ते बहुधा फुगवून करतात. गोल फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची नळी वर निघते, आत हवा भरून तिचा फुगा करतात, आणि बाहेरून एका कड्यातून गार हवेचा झोत सोडतात. फुग्याकडे नीट पाहिलं तर खालचा भाग काचेसारखा नितळ असतो आणि ठरावीक उंचीवर तो एकदम धूसर होतो. त्या कडेला फ्रॉस्ट लाइन म्हणतात. खाली द्रव, वर घन. मशीनवरचा जाणता माणूस पडद्यावरच्या आकड्यांआधी ही रेघ पाहतो. रेघ वर सरकली म्हणजे गारवा कमी पडतोय, एका बाजूला कलली म्हणजे कड्यातून हवा सारखी येत नाही. दाणा नागोठण्याचा असो की आखाती देशातून आलेला, ही रेघ कुठे बसवायची ते प्रत्येक प्रतीला वेगळं. इथे धूसरपणाचा मोठा वाटा फिल्मच्या पोटात नसून पृष्ठभागावर असतो. उगवणारे स्फटिक तो किंचित खडबडीत करतात आणि प्रकाश तिथेच विखुरतो.

शिवाय फुगा निवत असताना वर ओढलाही जात असतो. ताणलेल्या साखळ्यांवर बीजं रांगेने पडतात आणि फिल्म एका दिशेने सहज, दुसऱ्या दिशेने मुश्किलीने फाटते. पिशवी हव्या त्या बाजूने न फाटता भलतीकडेच चिरत गेल्याचा अनुभव कुणाला नाही! दोष देताना आपण कात्रीला किंवा नशिबाला देतो.

पॉलिप्रोपिलीनला हवेचा फुगा मानवत नाही. हवेने ते फार सावकाश निवतं, मोठे स्फेरुलाइट धरतं आणि फिल्म धुरकट, तडकणारी होते. म्हणून त्याची नळी उलटी, वरून खाली सोडतात आणि पाण्याने गार करतात. बाजारात या मालाला टीक्यू म्हणतात. सदऱ्याची पिशवी बहुधा या जातीची. तिसरी तऱ्हा सपाट फटीतून निघालेला पडदा चिल रोलवर, म्हणजे आतून पाणी खेळवलेल्या चकचकीत रुळावर टाकायची. रूळ २० ते ३० अंशांचा, फिल्म ४० मायक्रॉनची. गणिताप्रमाणे ती शंभरातल्या दोन सेकंदांतच गार व्हायला हवी. अडचण येते ती फिल्म आणि रूळ यांच्यामध्ये ओढली जाणाऱ्या हवेची. हवा प्लास्टिकपेक्षाही आठपट वाईट वाहक, म्हणजे दहा मायक्रॉनचा हवेचा थर ८० मायक्रॉन प्लास्टिकइतका आडवा येतो. हवेच्या धारदार झोताने फिल्म रुळावर दाबून धरण्याची, किंवा पॉलिएस्टरच्या बाबतीत तारेतून विद्युतभार देऊन ती रुळाला चिकटवण्याची सगळी खटपट या अदृश्य थरासाठी. एवढं करूनही फिल्मची रुळाकडची बाजू आधी निवते आणि हवेकडची मागून. दोन बाजूंची घडण वेगळी होते आणि जाड फिल्म कडेने वळते.

झपाट्याने निवलेल्या पॉलिप्रोपिलीनमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती मला या विषयातली सर्वांत मजेची वाटते. १९५४ साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी नियमित रचनेचं पॉलिप्रोपिलीन बनवलं. पॉलिथिनसाठी कार्ल झिग्लर यांनी शोधलेल्या उत्प्रेरकांचा हा विस्तार होता, आणि १९६३ सालचं नोबेल दोघांत वाटलं गेलं. हे नवं प्लास्टिक वितळवून बर्फाच्या पाण्यात टाकलं तर क्ष-किरणांत ना स्फटिकाची खूण दिसते ना पूर्ण विस्कळीत द्रवाची. १९६० साली नात्ता आणि कोर्राडिनी यांनी या मधल्या अवस्थेचं वर्णन केलं. साखळ्या समांतर उभ्या राहिलेल्या असतात, पण एकमेकींशी ताल जुळवायला त्यांना सवड मिळालेली नसते. स्फेरुलाइट नाहीत, पापुद्रे नाहीत, दहाएक नॅनोमीटरच्या गाठी तेवढ्या. दृश्य प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. तिला या गाठी जाणवतच नाहीत आणि फिल्म नितळ दिसते.

हे कोणत्या वेगाला घडतं, ते मोजणं सोपं नव्हतं. प्रयोगशाळेतलं नेहमीचं यंत्र नमुना मिनिटाला १० अंशांनी गार करतं. चिल रोलवर सेकंदाला १०० अंश सहज जातात. म्हणजे सहाशेपट फरक. दाण्याच्या पोत्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातला स्फटिकीकरणाचा आकडा या निवांत यंत्रावरचा असतो, आणि फिल्मवाल्याला त्याचा उपयोग बेताचाच. पालेर्मो विद्यापीठात स्तेफानो पिकारोलो यांनी १९९०च्या सुमारास पातळ नमुन्यावर पाण्याचे फवारे मारून, तापमान नोंदत, वेगवेगळ्या वेगांनी गोठवलेल्या पॉलिप्रोपिलीनची घनता आणि रचना तपासली. पुढे सूक्ष्म चिपवर बसणारे उष्णतामापक आले आणि सेकंदाला हजारो अंशांचा वेग हाताशी आला. तेव्हा चित्र असं उभं राहिलं: सेकंदाला सुमारे १०० अंशांच्या खाली नेहमीचे स्फटिक, त्याच्या वर ही मधली अवस्था, आणि हजार अंशांच्या पुढे गेलं तर स्फटिक धरायला वेळच न मिळालेलं, पूर्ण विस्कळीत प्लास्टिक.

मधल्या अवस्थेतली फिल्म ८० अंशांच्या वर तापवली तर तिच्यात नेहमीचे स्फटिक तयार होतात. तरी ती धुरकट होत नाही. गाठी गाठीच राहतात, प्रत्येक गाठीच्या आत तेवढी शिस्त येते. म्हणजे साखळी तीच, स्फटिकाची जातही तीच, आणि तरी सावकाश निवलेली फिल्म धूसर व झटक्यात निववून मग तापवलेली नितळ. आज तिचं तापमान काय आहे यावरून काही कळत नाही. ती इथवर कशी आली ते विचारावं लागतं.

पॉलिएस्टरची तऱ्हा वेगळी. पाण्याच्या बाटल्यांचं हे प्लास्टिक १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलं. त्याच्या साखळीत कडक कडी असतात म्हणून ते स्फटिक धरायला आळशी. अगदी सोयीच्या तापमानालाही, १७० ते १८० अंशांच्या दरम्यान, त्याला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. २८० अंशांना वितळलेला पडदा चिल रोलवर काही क्षणांत ७० अंशांच्या खाली आणला की तो स्फटिकाविना गोठतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला गरवारेंच्या कारखान्यात पॉलिएस्टर फिल्म होते. अशा कोणत्याही कारखान्यात हा पहिला टप्पा बिघडला तर पुढचं सगळं वाया जातं. पडदा सावकाश निवला तर पांढरा आणि ठिसूळ होतो, ताणायला गेलं की तुटतो. नीट गोठलेला पडदा पुन्हा ९० अंशांच्या घरात गरम करून लांबीला तीन-चारपट ओढतात, मग चिमट्यांत धरून रुंदीला तेवढाच, आणि शेवटी ताणून धरलेल्या अवस्थेतच २०० अंशांच्या वर तापवतात. आता त्यात स्फटिक भरपूर असतात, पण ताणातून जन्मलेले, इवलेसे, ओळीत बसलेले. फिल्म काचेइतकी स्वच्छ राहते. स्फटिक धरले की पांढरं होणारच, हा समज इथे मोडतो. पांढरा होणारा पॉलिएस्टर पाहायचा असेल तर पाण्याच्या बाटलीची जाड मान पाहावी. ती न ताणलेली असते. तिचा तुकडा १५० अंशांच्या भट्टीत ठेवला तर थोड्या वेळात पांढराफटक होतो. गरम रस भरण्याच्या काही बाटल्यांची मान अशी मुद्दाम पांढरी करतात, म्हणजे ती उष्णतेने वाकत नाही.

मुद्दाम सावकाश निववण्याचं सर्वांत चतुर उदाहरण विजेच्या उपकेंद्रांतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये दडलेलं आहे. त्यात पॉलिप्रोपिलीनची फिल्म आणि धातूचा वर्ख यांच्या गुंडाळ्या तेलात बुडवलेल्या असतात. फिल्म गुळगुळीत असेल तर थरांमध्ये तेल शिरत नाही, हवा अडकते आणि तिथेच ठिणगी पडते. म्हणून या फिल्मसाठी चिल रोल ९० अंशांच्या घरात गरम ठेवतात. त्या तापमानाला पॉलिप्रोपिलीनची बीटा नावाची स्फटिकजात वाढते, जरा विरळ रचनेची. पुढे फिल्म ताणली की तिचं रूपांतर अधिक दाट अशा नेहमीच्या जातीत होतं, आकारमान घटतं आणि पृष्ठभागावर बारीक खळगे उरतात. त्या खळग्यांतून तेल आत झिरपतं. पॅकिंगची फिल्म करणारा ज्याला दोष म्हणेल, तो इथे विकत घेतला जातो.

मशीनवरून उतरलेली फिल्म पूर्ण झालेली नसते, हेही सांगायला हवं. पॉलिप्रोपिलीनचं काचेसारखं गोठण्याचं तापमान शून्याच्या खाली जरासंच, म्हणून खोलीच्या उबेत त्यातल्या विस्कळीत साखळ्या हालत राहतात. झटक्यात निववलेली फिल्म पुढचे काही दिवस हळूहळू कडक होते, किंचित आकसते, गुंडाळी आवळते. मजबुतीची चाचणी लगेच न घेता एक-दोन दिवस थांबून घ्यायची पद्धत यातून आली. घाईत असलेलं गिऱ्हाईक याला कारखानदाराची टाळाटाळ समजतं.

पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या कारखान्यांना वेगळीच कटकट असते. जुलैत मुंबई-कोकणातल्या हवेत दमटपणा इतका की २५ अंशांच्या आसपासचा कोणताही पृष्ठभाग ओला होऊ लागतो. चिल रोल १८ अंशांवर ठेवला तर त्याच्यावर दव धरतं आणि फिल्मवर डाग उठतात. रूळ गरम ठेवला तर डाग जातात, पण फिल्म धूसर होऊ लागते. मग एक तर मशीनचा वेग कमी करून फिल्मला रुळावर जास्त वेळ द्यायचा आणि उत्पादन घटवायचं, नाहीतर त्या जागेतली हवाच कोरडी करणारी यंत्रणा बसवायची. काही ठिकाणी सप्टेंबरपर्यंत वेग कमी केला जातो, कारण यंत्रणेचं वीजबिल बारा महिने आठवण करून देतं.